शून्य विक्रीचा समुद्र

तिया ब्राव्हा म्हणजे रागीट मावशी. डोंगरातल्या कोचाबांबा शहराला लागून असलेल्या किल्याकोल्यो गावात या नावाचा ठेच्याचा कारखाना आहे. बाटलीवर गोल टोपीखालून कपाळाला आठ्या घालून बघणारी जी बाई आहे, ती मालकांची सख्खी आई. फोटोवाल्याने तिला "हसा" म्हटलं म्हणून तिचा चेहरा तसा झाला, असं मालक दॉन सेनोबियो सांगायचे.

ज्या मुलखात घरोघरी रोज सकाळी मिरची आणि टोमॅटो पाट्यावर वाटले जातात, तिथे बाटलीतला ठेचा विकायचा म्हणजे खरं तर वेडेपणाच. पण दॉन सेनोबियोंनी तो खाणकामगारांना विकला, ट्रकवाल्यांना विकला, घरापासून लांब राहणाऱ्या आणि पाटा नसलेल्या प्रत्येकाला विकला. तिशी-पस्तिशीत सुरू केलेलं काम सत्तरी ओलांडली तरी ते स्वतःच बघत होते.

कारखान्यात नवं सॉफ्टवेअर आणलं ते एर्लानने. एर्लान हा विक्रीचा प्रमुख, सांताक्रूसचा, सपाट गरम प्रदेशातला. डोंगरातल्या थंडीला आणि डोंगरातल्या माणसांना सारखंच कंटाळलेला. त्याने पडद्यावर देशाचा नकाशा दाखवला. नऊ प्रांत, प्रत्येकाला वेगळा रंग. जास्त विक्री तिथे हिरवा, कमी तिथे लाल, मधल्यांना नारिंगी-पिवळा. सगळे वाहवा म्हणाले. मग फाउस्तो चोके उभा राहिला. फाउस्तो उयुनीकडचा विक्रेता, मीठवाळवंटाच्या काठचा, पन्नाशीचा, बोलायला सावकाश.

"लिसेन्सियादो," डिग्रीवाल्यांना म्हणायचं ते तो आदराने म्हणाला, "यात माझा झोन कुठाय?"

"झोन नाही, प्रांत आहेत. सॉफ्टवेअरला प्रांत कळतात."

"पण मी प्रांतात विकत नाही ना. मी रेल्वेच्या बाजूने विकतो."

आणि ते खरंच होतं. कारखान्याचे झोन काही सरकारने पाडलेले नव्हते. कोण्या एके काळी दॉन सेनोबियो आणि त्यांचे पहिले विक्रेते चिचा, म्हणजे मक्याची दारू, पीत बसले असताना ठरलं होतं, की ज्याची बस जिथवर जाते तिथवर त्याचा मुलूख. 'खाणी' नावाचा एक झोन, 'दरी' नावाचा एक, 'गरम पट्टा' एक आणि फाउस्तोचा 'रेल्वे'. तो तीन प्रांतांतून वेटोळे घेत थेट सरहद्दीला जाऊन टेकायचा. एर्लानच्या नकाशावर फाउस्तोची निम्मी विक्री दुसऱ्याच्या नावावर पडली होती, आणि तो दुसरा गालातल्या गालात हसत होता.

दॉन सेनोबियोंनी हात वर केला. "नोर्का करेल."

नोर्का विल्यारोएल कारखान्यात कॉम्प्युटर बघायची. तिला सगळे 'इंजिनिअर' म्हणायचे, विशेषतः प्रिंटर अडकला की. सॉफ्टवेअरमध्ये आपल्या मनाचे प्रदेश काढायची सोय आहे, हे तिला त्याच दुपारी सापडलं. पण सोय म्हणजे काय, तर हद्दीवर माऊसने एकेक टिंब टाकत जायचं आणि शेवटचं टिंब पहिल्याला नेऊन भिडवायचं. भिडलं नाही तर पातेलं कलंडल्यासारखा रंग नकाशाभर सांडायचा. एकदा 'गरम पट्टा' असा सांडला, की तो पार ब्राझीलमध्ये गेला. एर्लानला ते फारच आवडलं.

टिंबं टाकणं सोपं होतं. टिंब कुठे टाकायचं ते विक्रेत्यांकडून काढून घेणं महाकठीण. 'दरी' आणि 'खाणी' यांच्या मधोमध एक गाव होतं, आणि दोन्ही विक्रेते ते आपलंच म्हणून हमरीतुमरीवर आले.

"तिथे आपला ठेचा घेतं कोण?" नोर्काने विचारलं.

"कुणीच नाही," दोघं एकसुरात म्हणाले.

"मग भांडताय कशाला?"

"अहो इंजिनिअर, तिथे डुकराचं मटण मिळतं!" एक म्हणाला. "आपल्या झोनमध्ये जेवलं तर जेवण कंपनीच्या खात्यावर. झोनबाहेर जेवलं तर खिशातून."

नोर्काने हद्दीची रेघ त्या खाणावळीतून नेली. चूल एकाकडे, बाकडी दुसऱ्याकडे. दोघंही खूश झाले. आणि नोर्काला वाटलं, जगातले अर्धे तंटे असेच असणार, फक्त मटणाचा पत्ता कुणी कागदावर लिहीत नाही.

काम संपलं तेव्हा तिला त्या नकाशाचा एवढा अभिमान वाटला, की ती तो घरी आईला फोनवर दाखवायला घेऊन गेली. आईने विचारलं, "लग्नाचं काय?"

दुसऱ्या दिवशी पडद्यावर नकाशा लागला. सगळे विक्रेते आले होते, एर्लान होता, हिशेबनीस दोन्या ओबदुलिया, म्हणजे ओबदुलियाबाई, विणकाम घेऊन मागच्या खुर्चीत होत्या. 'रेल्वे' झोन हिरवागार दिसत होता आणि फाउस्तो बाप झाल्यासारखा त्याच्याकडे बघत होता. दॉन सेनोबियोंनी चष्मा लावला, उठले, पडद्याजवळ गेले. त्यांच्या टोपीची सावली अर्ध्या देशावर पडली. बराच वेळ ते डाव्या कोपऱ्यात बघत राहिले.

"समुद्र कुठाय?"

 एर्लानला हसू आलं, ते त्याने दाबलं नाही.

"दॉन सेनो, आपल्याकडे समुद्र आहे कुठे?"

"होता."

"तो काय आपण ठेच्याच्या बदल्यात दिला का?"

"युद्धात गेला," दॉन सेनोबियो म्हणाले. "आणि गेला म्हणजे दिला नाही. नोर्का, मुली, मावशीच्या नकाशात समुद्र पाहिजे."

हे जिथे घडलं तिथे हा विषय चेष्टेचा नाही. पणजोबांच्या काळात गेलेला तो किनारा, पण दर मार्चमध्ये त्याच्या आठवणीत शाळांच्या मिरवणुका निघतात, पोरं कागदी टोप्या घालून नौसैनिक होतात. नोर्का लहानपणी ठेंगणी होती, म्हणून तिला नौसैनिक केलं नाही. तिला निळ्या कापडात गुंडाळून रस्त्यावर आडवं टाकलं होतं आणि बाई म्हणाल्या होत्या, "हल आता. तू समुद्र आहेस." ती हलली होती. तिच्या अंगावरून पुठ्ठ्याचं जहाज गेलं होतं. त्यामुळे तिला 'समुद्र कशाला' असं विचारवेना. तिने शाळेचं जुनं पुस्तक काढलं आणि त्यातल्या किनाऱ्यावरून एकेक टिंब टाकत गेली.

नवा झोन करड्या रंगात उमटला.

"हा मेल्यासारखा का दिसतो?" दॉन सेनोबियो.

"माहिती नसली की करडा रंग येतो."

"माहिती नाही? सगळ्या जगाला माहिती आहे!"

नोर्काने विक्रीच्या रकान्यात शून्य टाकलं. झोन लालभडक झाला, सगळ्या नकाशात दुसरं काही दिसेचना.

"आता बरोबर," दॉन सेनोबियो हळूच म्हणाले. "बोचलं पाहिजे."

बोचलं ते एर्लानला आधी. त्या शून्यामुळे विक्रीची सरासरी खाली आली आणि त्याच्या नावासमोर खाली वळलेला बाण दिसू लागला. त्याने तक्रार केली. दॉन सेनोबियो म्हणाले, "तुझा बाण आठवडाभराचाही नाही अजून. आमचा पणजोबांपासून खालीच आहे."

दुसरी अडचण अशी, की सॉफ्टवेअर कुठलाही झोन बेवारस सोडत नसे. जबाबदार माणसाचं नाव टाकल्याशिवाय ते पुढे जाईना. सगळ्यात जवळचा कोण, तर रेल्वेवाला फाउस्तो. नोर्काने त्याचं नाव टाकलं आणि विसरून गेली. सॉफ्टवेअर विसरलं नाही. त्यात दर सोमवारी मागे पडलेल्या विक्रेत्यांना आपोआप पत्र पाठवायची सोय होती, ती एर्लानने पहिल्याच दिवशी मोठ्या हौसेने सुरू केली होती.

फाउस्तोचा फोन आला. "इंजिनिअर, मला एक पत्र आलंय. वाचून दाखवतो. 'प्रिय फाउस्तो, समुद्र झोनमधली तुमची कामगिरी अपेक्षेपेक्षा कमी आहे. थोडा जोर लावा!' आणि खाली एक रडका चेहरा."

"दुर्लक्ष करा हो, दॉन फाउस्तो. मशीन आहे ते."

"थोडा जोर लावा म्हणजे काय? अख्ख्या सैन्याला जमलं नाही ते!"

"मी बंद करते ते पत्र."

पण बंद करायचा अधिकार एर्लानकडे होता आणि एर्लान म्हणाला, मालकांना समुद्र हवाय ना, मग समुद्राने कामही केलं पाहिजे. पत्रं येतच राहिली. फाउस्तोची बायको त्याचा फोन वाचायची. तिने सासरच्या सगळ्यांना सांगितलं, की हा समुद्रावर काहीच करत नाही. त्याच्या चुलत्याने एका लग्नात सगळ्यांसमोर विचारलं, "काय दर्यासारंग, जहाज कधी निघतंय?" सावकाश बोलणाऱ्या माणसाचा राग आतल्या आत शिजतो. एका पहाटे फाउस्तोने तिया ब्राव्हाचं एक खोकं खांद्यावर घेतलं आणि उयुनीहून सरहद्दीपलीकडे जाणाऱ्या बसमध्ये चढला.

नाक्यावर काय झालं ते त्याने नंतर इतक्या वेळा सांगितलं, की सगळ्यांना पाठ झालं. वास घेणारा कुत्रा खोक्यापाशी आला, हुंगला आणि लागोपाठ शिंकत सुटला. अधिकाऱ्याने विचारलं, आत काय आहे?

"ठेचा. स्वतःपुरता."

"एवढा सगळा स्वतःपुरता?"

"मला तिखट लागतं, साहेब."

अधिकाऱ्याने एक बाटली उघडून बोट बुडवलं, चाटलं, डोळे पुसले, आणि बोलता येईना म्हणून हातानेच 'जा' अशी खूण केली.

पलीकडे, त्याच हातच्या गेलेल्या मुलखातल्या खाणींच्या शहरात, कालामात, आपली माणसं बरीच. बाजारामागे दोन्या प्रिमितिवा नावाची, मूळची कोचाबांबाकडच्या पुनाता गावची बाई खाणावळ चालवायची, तिच्याकडे फाउस्तो जेवायला बसला आणि सूपमध्ये आपली बाटली ओतली. बाईने वासानेच मान वळवली. तिने सगळं खोकं ठेवून घेतलं. फाउस्तोने तिथेच बाकड्यावर बसून फोनमध्ये विक्री नोंदवली, झोनचं नाव निवडलं: समुद्र.

किल्याकोल्योत तेव्हा साल्तेन्या खायची वेळ झाली होती. नोर्काने नुकताच त्या रसाळ करंजीचा कोपरा तोडला होता, रस मनगटावरून ओघळत होता, आणि समोर नकाशाचा डावा कोपरा लालचा नारिंगी झाला. तिला वाटलं पडदा बिघडला. तिने नकाशा पुन्हा लोड केला. नारिंगीच.

"दोन्या ओबदुलिया," ती म्हणाली, "जरा इकडे या."

दोन्या ओबदुलिया आल्या. मग पॅकिंगच्या बायका आल्या, मग बाटल्या धुणारे आले, हात पुसत. दॉन सेनोबियोंना वरून बोलावलं. ते जिना उतरून आले, बघितलं, आणि टोपी काढली. कुणीतरी शाळेतलं मार्चचं गाणं सुरू केलं. पहिलं कडवं दणक्यात झालं. दुसरं कुणालाच येईना, म्हणून पुन्हा पहिलंच म्हटलं.  नोर्काच्या हातात साल्तेन्या तशीच थिजली.

आनंद दुपारपर्यंत टिकला. दुपारी दोन्या ओबदुलियांनी विणकाम बाजूला ठेवलं.

"याचं बिल कसं करायचं?"

"नेहमीसारखं," दॉन सेनोबियो म्हणाले.

"नेहमीच्या बिलावर देशातला पत्ता लागतो. हा पत्ता परदेशातला आहे. म्हणजे ही निर्यात झाली. निर्यातीचे कागद वेगळे."

"निर्यात?" दॉन सेनोबियो खुर्चीतून अर्धे उठले. "परसात भाजी नेली तर तिला निर्यात म्हणायचं?"

"परसाला आता दुसऱ्याचं कुंपण आहे, दॉन सेनो. आणि कुंपणावर कस्टम आहे."

"मी निर्यातीच्या कागदावर सही केली, की मीच कबूल केलं ना, ती जागा परकी आहे म्हणून!"

"आणि नाही केली तर मी काय करू? ठेचा हवेत उडाला म्हणून लिहू?"

एर्लानला मात्र निर्यात शब्द ऐकून उकळ्या फुटल्या होत्या. निर्यातीचं वेगळं पान करू, जागतिक बाजार म्हणू, असं तो बोलू लागला तेव्हा दॉन सेनोबियोंनी टेबलावरची बाटली उचलली आणि एर्लान दाराकडे सरकला.

शेवटी त्यांनी नोर्काला पुढे घातलं. "तू सांग. नकाशा काय म्हणतो?"

 नोर्काला त्या म्हाताऱ्याबद्दल माया होती. पण दिवस दिवस टिंबं टाकून तिच्या अंगात एक खोड शिरली होती, रेघ जिथे आहे तिथेच आहे असं म्हणायची.

"नकाशा काही म्हणत नाही, दॉन सेनो. तुम्ही सांगितलंत तसा मी तो काढला. त्याला विचारणं म्हणजे आरशाला विचारणं."

दॉन सेनोबियो वर निघून गेले. कागद तसाच पडून राहिला.

कागद नाही म्हणून माल नाही, माल नाही म्हणून विक्री नाही, आणि महिना उलटला तसा झोन पुन्हा लाल झाला. फाउस्तोला पत्र आलं: 'प्रिय फाउस्तो, चांगल्या सुरुवातीनंतर घसरण! काय झालं?' त्याने ते नोर्काला पुढे धाडलं, वर काही न लिहिता.

मग एक दिवस कारखान्याच्या फोनवर एक बाई थेट भांडायलाच लागली.

"ए मुली, कोण बोलतंय? मी प्रिमितिवा, कालामाहून. माझा ठेचा कुठाय? माझी गिऱ्हाइकं चमचे आपटतायत टेबलावर! मी वाटून दिला तर म्हणतात, हा नको, त्या चिडक्या बाईचा हवा. माझ्या हाताची चव बाटलीपुढे हरली, आणि वर बाटलीही नाही!"

"दोन्या प्रिमितिवा, कागदांचा जरा घोळ झालाय."

"कुणी घातला?"

"मालकांनी."

"त्या म्हाताऱ्याला इकडे पाठव. मी बघते."

नोर्काने निरोप शब्दशः दिला नाही. तिने वर जाऊन एवढंच सांगितलं, "समुद्र झोनमधल्या गिऱ्हाईक बाईंनी तुम्हाला बोलावलंय." दॉन सेनोबियोंनी खिडकीबाहेर बघितलं. एवढ्या वर्षांत ते कधी तिकडे गेले नव्हते, जाणार नाही असं म्हणत आले होते. पण झोनमधलं गिऱ्हाईक बोलावतंय म्हटल्यावर विक्रेत्याच्या जातीच्या माणसाला नाही म्हणता येईना.

नोर्काही त्यांच्याबरोबर निघाली, तेव्हा दोन्या ओबदुलियांनी तिच्या पिशवीत निर्यातीचा कागद एका फाइलमध्ये घालून सरकवला. "चांगला मूड दिसला की पुढे कर. पोट भरलेलं असताना. आधी नको."

उयुनीला फाउस्तो बसमध्ये चढला. गार वारा, मिठाचं पांढरंफटक वाळवंट, मग दगडच दगड. नाक्यावर खिडकीतल्या अधिकाऱ्याने दॉन सेनोबियोंना विचारलं, "प्रवासाचं कारण?"

"घरी चाललोय."

नोर्काने त्यांच्या पायावर पाय दिला. "फिरायला, साहेब! आजोबा फिरायला आलेत. वय झालंय."

"वय झालंय, पण बहिरा नाही झालो," दॉन सेनोबियो पुटपुटले. शिक्का मात्र बसला.

प्रिमितिवाच्या खाणावळीत पाय ठेवायला जागा नव्हती. खाणीतून आलेली धुळकट माणसं खांद्याला खांदा लावून सूप भुरकत होती. दोन वेण्या घातलेली, एप्रन लावलेली एक रुंद बाई आली, यांना न ओळखताच एका टेबलावर दाटीवाटीने बसवून गेली, आणि मगच तिचं लक्ष फाउस्तोकडे गेलं.

"हा आला बिनठेच्याचा! आणि हे कोण?"

"मालक," फाउस्तो म्हणाला.

बाईने हात पुसले. दॉन सेनोबियो टोपी काढून उभे राहिले. आपल्या भूमीवरच्या आपल्या लेकीला भेटायला आल्यावर काय बोलायचं, ते त्यांनी बसमध्ये ठरवून ठेवलं होतं. बाईने ते बोलूच दिलं नाही. तिने त्यांचा दंड धरून त्यांना थेट स्वयंपाकघरात नेलं, सिंकखालचं कपाट उघडलं, कपडे धुण्याच्या पावडरची पिशवी बाजूला केली. मागे, अंधारात, तिया ब्राव्हाची शेवटची अर्धी बाटली होती.

"हे बघा. तपासायला येतात ना, त्यांना मालाचे कागद दाखवावे लागतात. तुमचा कागद नाही, म्हणून हिला मी इथं लपवते. चोरून काढते, चोरून वाढते. मी प्रामाणिक बाई आहे हो, पोलिसाला बघून मी कधी रस्ता बदलला नाही. आणि ही, इतकी खमकी दिसते बिचारी, ती साबणामागे दडून बसलीय!"

दॉन सेनोबियो वाकून बघत राहिले.

"ती माझी आई आहे," ते म्हणाले.

"मग तर लाजच वाटली पाहिजे तुम्हाला!"

 नोर्का दारात उभी होती. तिला वाटलं आता हे रागावतील, बाटली उचलून निघून जातील. पण ते तसेच वाकून उभे होते.

"तुम्हाला समुद्र हवाय," बाई जरा खालच्या आवाजात म्हणाली, "कुणाला नकोय? मलाही हवाय. पण मला आधी परवाना हवाय. आधी माझं बघा, मग देशाचं बघू. आणि आता जेवा, सूप गार होतंय."

जेवले ते. शेजारच्या बाकड्यावर नेल्सन नावाचा एक पिकल्या मिशांचा खाणकामगार होता, तिथलाच, पलीकडच्या देशाचा. त्याने बाटलीवरचं चित्र आणि समोरचा म्हातारा असं दोन-तीनदा आळीपाळीने बघितलं. "आजोबा, तुम्हीच का तो ठेचेवाला? माझी बायको म्हणते, या ठेच्यापायी मी घरी जेवत नाही." पाळी संपली होती, तो गाडी घेऊन खाली समुद्रकाठच्या आंतोफागास्ताला घरी निघाला होता. "चला, समुद्र दाखवतो."

वाटेत दोघांची जुंपली, हे सांगायला नको.

"तो आमचा समुद्र आहे," दॉन सेनोबियो म्हणाले.

"असेल. पण माझ्या आजोबांनी नाही घेतला बरं का. ते रेल्वेत कोळसा भरायचे."

"माझे पणजोबा सैन्यात होते."

"जिंकले का?"

"नाही."

"माझ्या आजोबांनाही काही मिळालं नाही," नेल्सन म्हणाला. मग उतारावर गाडी वळली तशी समोरून निळी भिंत उभी राहिल्यासारखा तो दिसला.

नोर्काने टिंब टिंब टाकत काढलेला किनारा. तिने तो सरळ काढला होता. खरा सगळा वेडावाकडा होता, खडकांनी कुरतडलेला, आणि त्यावर पक्ष्यांनी भलतीच घाण केली होती.  फाउस्तो फोटो काढायला गेला आणि फोन उलटा धरून स्वतःच्याच नाकाचे फोटो काढत राहिला.

दॉन सेनोबियो वाळूतून चालत पुढे गेले, बूट घालूनच. पहिली लाट आली तेव्हा ते दचकून मागे सरले.

"एवढा आवाज करतो?" ते मागे वळून ओरडले. "मला वाटायचं शांत असेल!"

"वारा असला की असाच असतो," नेल्सन म्हणाला.

दुसरी लाट थांबली नाही. ती गुडघ्यापर्यंत आली, त्यांचा तोल गेला, टोपी पाण्यात पडली, आणि नोर्काने धावत जाऊन त्यांना काखेत धरलं. ती म्हणत होती, "मागे या, दॉन सेनो, मागे या ना," आणि ते म्हणत होते, "थांब गं, थांब जरा." ते रडत होते की तोंडावर पाणी उडालं होतं, हे तिला कळलं नाही, आणि तिने निरखून बघितलंही नाही. टोपी फाउस्तोने काढली, विजारीसकट भिजून.

बऱ्याच वेळाने ते गाडीपाशी आले, कुडकुडत. नेल्सनने त्यांच्या खांद्यावर आपलं जाड जाकीट टाकलं. पोट भरलेलं होतं, मूडचं काही सांगता येत नव्हतं, पण नोर्काने पिशवीतून फाइल काढली.

"कागद?" ते म्हणाले.

"हो."

"देश म्हणून काय लिहिलंय?"

तिने सांगितलं. त्यांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि ओल्या हातांनी सही केली. शाई पसरली. "पुन्हा करावी लागेल," नोर्का म्हणाली.

"पुन्हा करेन," ते म्हणाले. "बाईला सांग, सोमवारी माल निघेल."

परत आल्यावर दोन्या ओबदुलियांनी कोऱ्या कागदावर सही घेतली आणि हिशेबात निर्यातीचं पान उघडलं. नकाशावर झोन राहिला. एर्लान त्याला एकदा 'आंतरराष्ट्रीय विभाग' म्हणाला, पण कुणी लक्ष दिलं नाही. प्रिमितिवाकडे पहिल्या मालाबरोबर तिया ब्राव्हाचा मोठा पत्र्याचा फलक गेला. तिने तो भिंतीवर, दारातून आत येताच दिसेल असा लावला. फाउस्तोच्या चुलत्याला हल्ली त्याच्याशी नीट बोलावं लागतं. नोर्काने किनाऱ्याची रेघ पुसून नवी काढली, खडकांसकट, जरा वेडीवाकडी.

दॉन सेनोबियोंनी समुद्राबद्दल कुणाला फारसं सांगितलं नाही. विचारलं तर "गार होता" एवढंच म्हणायचे. पण ते बूट त्यांनी झटकले नाहीत. ते तसेच घालून कारखान्यात हिंडायचे, पाऊल टाकलं की आत वाळू करकरायची, आणि दोन्या ओबदुलिया दर संध्याकाळी झाडू घेऊन त्यांच्या खुर्चीखाली बडबडत वाकायच्या.